‘रन’ या शब्दाचा एकमेव जाणकार

३ फेब्रुवारी १८९६, सोमवार
‘रन’ हा शब्द आमच्या इंग्रजी कोशासाठी माझ्याकडे येऊन आज तीन वर्षं झाली. चिठ्ठ्या आठ हजार, अर्थ आतापर्यंत एकशे सव्वीस. बाकीचे मदतनीस आठवड्याला चार-चार शब्द उरकतात. उरकणं वेगळं, समजणं वेगळं. संकल्प: ईस्टरपर्यंत शब्द पूर्ण. मग पुस्तकात माझं नाव, छापील. आई प्रत्येक पत्रात विचारते, एडमंड, कुठल्या पानावर आहेस?

४ फेब्रुवारी
संकल्प उद्यापासून. आज नवीन बाई आल्या. मिस व्हिटलो, लडलो गावच्या, चाळिशीच्या. आमचे संपादक डॉक्टर गॅरोवे स्वतः दारापर्यंत गेले आणि त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं. ते टेबल मी तीन वर्षं मागतोय. विचारलं तर म्हणाले, अहो थ्रिप, बाईंना उजेड लागेल. मला काय अंधारात दिसतं?

७ फेब्रुवारी
बाईंची बोटं जांभळी असतात. बिटाचं लोणचं खाऊन तसेच हात कोशाला लावत असणार. घरमालकीण मिसेस टॅपली यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही आपलं बशीत बघून खा, सूप निवतंय.

१९ फेब्रुवारी
बाईंनी ‘रूट’ नऊ दिवसांत संपवला. चहाच्या वेळी डॉक्टर उभे राहून त्यांच्याविषयी बोलले. माझ्यासाठी ते फक्त एकदा उभे राहिले होते, मी त्यांच्या टोपीवर बसलो होतो तेव्हा. मला मत्सर वाटत नाही. जेवण गेलं नाही, पण मटण कालचं होतं.

२ मार्च
सबंध दिवस पहिल्या अर्थात गेला. आधी माणूस धावला की आधी नदी वाहिली? उघड आहे, नदी. पण नदीला इंग्रजी येत नव्हतं. चार वाजता डोकं दुखू लागलं. घरी आलो.

३ मार्च
जांभळ्या शाईने वाचवलं. देशभरातले वाचक आम्हाला चिठ्ठ्या पाठवतात: एका चिठ्ठीवर एक वाक्य, पुस्तकाचं नाव, साल. ज्याचं साल सर्वांत जुनं, ते वाक्य अर्थाच्या डोक्यावर बसतं. माझ्या खणांत कित्येक वर्षांपासून एका अनामिकाच्या जांभळ्या शाईतल्या चिठ्ठ्या आहेत. पाणी वाहतं, मेणबत्ती ओघळते, नाक गळतं, रंग पसरतो. प्रत्येक वेळी सर्वांत जुनं साल त्यांचंच. कुणीतरी निवृत्त पाद्री असावेत, पांढऱ्या दाढीचे. या जगात मला समजून घेणारा हा एकच माणूस.
चहाच्या वेळी त्यांची एक चिठ्ठी माझा शोध म्हणून वाचून दाखवली. मिस व्हिटलो मान वर करून हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

१६ मार्च
‘रन’चा सर्वांत नवा अर्थ अडलाय. गिरण्या आल्या तशी यंत्रं ‘रन’ होऊ लागली. आता अमेरिकन लोक हॉटेल, वर्तमानपत्र, सरकार, सगळंच ‘रन’ करतात, म्हणजे चालवतात. आपल्या माणसाने आजच्या काळात लिहिलेलं असं एक ठसठशीत वाक्य डॉक्टरांना हवंय. त्यांची जुनी खोड: हाती येईल त्या कागदात शब्द शोधायचा. मागे खाटकाच्या बिलातून एक वाक्य कापलं होतं. आता मदतनिसांची पत्रंही वाचून कुणाकुणाकडे पाठवतात. हे काय संपादकाचं काम?

१ एप्रिल
क्रिकेटच्या रनांचा अभ्यास सुरू. सामने अजून सुरू झालेले नाहीत, म्हणून मैदानाचा अभ्यास केला. ऊन छान होतं.

८ एप्रिल
ईस्टर होऊन गेला. संकल्प चुकला नाही, यंदा ईस्टरच लवकर आला.

२२ एप्रिल
कहर झाला. डॉक्टरांनी बाईंना विचारलं, ‘रन’ची मांडणी कशी वाटते? बाई म्हणाल्या, मिस्टर थ्रिपनी चिठ्ठ्या जपून ठेवल्यात हो, पण पहिल्या खणातला क्रम उलटा लागलाय. उलटा! आल्यापासून तीन महिने झाले नाहीत बाईंना. माझा शब्द माझ्यादेखत उचलून नेणार ही बाई. छातीत जळतंय. लिहूनच टाकतो: होय, मला मत्सर वाटतो.

२४ एप्रिल
पहाटेच तोड सुचली. डॉक्टरांना पत्र लिहिलं. चार पानं. लिहिलं की मदत लागत असेलच तर ती त्या जांभळ्या शाईवाल्या थोर विद्वानाची घ्यावी. त्यांच्याइतकी जाण आपल्यापैकी कुणालाच नाही, अगदी मलाही नाही (हे नम्रता म्हणून). त्यांचं नाव-गाव शोधून त्यांना ताबडतोब बोलवावं. मिस व्हिटलो सज्जन आहेत, पण एवढा शब्द ‘रन’ करणं हे बाईमाणसाचं काम नाही. सही केली. आता बघू या.

२७ एप्रिल, सोमवार
डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाले, थ्रिप, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलंय. मी छाती काढून उभा होतो. म्हणाले, अशा माणसाला बोलवायला तुमच्या पत्राची वाट कशाला पाहायची, मी फेब्रुवारीतच बोलवलंय. सतरा वर्षं घरबसल्या चिठ्ठ्या पाठवत होत्या. मग खिडकीकडे बघून म्हणाले, मिस व्हिटलो, तुमच्यासाठी मिस्टर थ्रिपचं पत्र आहे. चारही पानं त्यांच्या हातात दिली.
बीट नव्हतं ते.
दुपारभर ‘रन’चे गठ्ठे मीच त्यांच्या टेबलाकडे वाहिले. एकोणीस खेपा. बाई म्हणाल्या, माझ्या कामाविषयी इतकं चांगलं आजवर कुणीच लिहिलं नाही, मिस्टर थ्रिप. शेवटचं पान सोडून. त्या वेळी त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० एप्रिल
सर्वांत नव्या अर्थाला हवं होतं ते वाक्य मिळालं. मिस व्हिटलोंनी चिठ्ठी केली, डॉक्टरांनी मंजूर केली. मग ती चिठ्ठी सहीसाठी माझ्यासमोर आली. ‘एवढा शब्द रन करणं हे बाईमाणसाचं काम नाही.’ खाली साल, १८९६, आणि ‘ई. थ्रिप, खासगी पत्र’. सुवाच्य, जांभळ्या शाईत.
म्हणजे नाव छापून येणार. आईला पान कळवायचं का, ते उद्या ठरवीन.