चित्र रिकाम्या जागेसकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त नव्हे तर काढून टाकलेली चित्रकला शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता.

कलम १. राहते घर धाकट्या मुलीला. बँकेतली ठेव थोरल्या मुलाला. वाटणी सारखी नाही, अशी तक्रार तो करील. समतोल म्हणजे दोन्हीकडे सारखेच ठेवणे नव्हे, हे मी जन्मभर शिकवले. माझ्या आजारपणात धाकटीने मला उठवले-बसवले. थोरला फळे पाठवत असे. फळे गोड होती, याची नोंद घ्यावी.

कलम २. कुंचले आणि रंग धाकटीच्या लेकीला. ती गवत जांभळे रंगवते. तिला कोणी हटकू नये.

कलम ३. पुढच्या खोलीतले मोठे चित्र. शाळेने मला दिवंगत संस्थापकांचे चित्र काढायला सांगितले होते. उशिरा येणाऱ्या मुलासाठी ते स्वतः फाटक धरून उभे राहत, हे मी पाहिले होते. तेच काढले. डाव्या कोपऱ्यात काळ्या कोटातले संस्थापक, उजव्या टोकाला लाल स्वेटरमधले पळत येणारे इवलेसे पोर, आणि मधे नुसते फिकट उन्हाचे अंगण. तो लाल ठिपका झाकला तर सगळे चित्र डावीकडे कलंडते.

शाळेचे अध्यक्ष संस्थापकांचे पुतणे. ते म्हणाले, "बाई, काका एवढेसे? आणि ही सगळी जागा रिकामीच राहिली."

मी म्हटले, "राहिली नाही, ठेवली आहे. तेवढं अंतर त्या पोराला पळायचंय, आणि तेवढा वेळ ते थांबणार आहेत."

संस्थापकांना मोठे करून मधोमध आणा, असा हुकूम झाला. मी नकार दिला. महिनाअखेर नोकरी गेली. चित्र घरी आणले तेव्हा ह्यांनी भिंतीलगतचे कपाट हलवले आणि म्हणाले, "उंची सांग." पुढे त्याच खोलीत शिकवण्या घेऊन मी ताठ मानेने जगले. अध्यक्ष आता हयात नाहीत. मी त्यांना माफ केलेले नाही.

आता शाळेला ते चित्र हवे आहे, पण फक्त डावा कोपरा. नव्या सभागृहात भिंत कमी आहे म्हणे. थोरल्याने मला न विचारता होकार दिला आणि फ्रेमवाल्याला घेऊन आला. त्याने मापे घेताच मी चित्रापुढे खुर्ची टाकून बसले.

"आई, मधे नुसतं अंगण तर आहे. कापलं तर काय बिघडलं?"

"त्या टोकाला पळतोय तो तू आहेस," मी सांगितले. "सहा वर्षांचा होतास. स्वेटर मीच विणला होता."

त्याने वाकून तो लाल ठिपका पाहिला. मग फ्रेमवाल्याला घेऊन निघून गेला. पण घेतलेली मापे त्याने खिशात ठेवली, हे मी पाहिले. म्हणून हे कलम.

सदर चित्र धाकटीच्या मालकीचे राहील. शाळेला द्यायचे तर अखंड द्यावे. भिंत अपुरी पडली तर भिंत वाढवावी.

साक्षीदार: १. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही). २. कोपऱ्यावरचे शिंपीकाका (सही; चष्मा विसरल्यामुळे वाकडी, पण त्यांचीच).

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली, चित्रासमोर.
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी.

सही: थोरल्याची आणि धाकटीची आई