मांजर किंचाळतं ती जागा

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (मी खरंच वाकले, तुम्हाला दिसलं नाही इतकंच.) कंबर कशी आहे? शेक घेताय ना, की कंटाळा करताय? माझी तब्येत ठणठणीत आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही लगेच तुमच्या डॉक्टर चिरंजिवांना हाक माराल.

मी या घरात एकटीने राहायचं नाही आणि रविवारी तुम्ही टेम्पो घेऊन मला न्यायला यायचं, असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत. मी हो म्हणालेही होते. पण मध्येच एक घोटाळा झाला आहे.

तुमचा भाऊ स्टुडिओत मांजर होता, हे तुम्हाला सांगायला नको. (माझ्या वडिलांना मात्र तुमच्या वडिलांनी 'ध्वनिविभागात आहे' असं मोघम सांगितलं होतं.) मांजर-उंदराच्या त्या जुन्या कार्टूनांत कुणी बोलत नसे. उंदराने पळायचं, मांजराने आपटायचं आणि किंचाळायचं. यांची किंकाळी काही केल्या साहेबांना खरी वाटेना. मी तिथे टायपिस्ट, टोकदार टाचांचे बूट घालणारी. साहेबांनी मला आत बोलावलं आणि खूण केली की यांच्या पायावर पाय द्यायचा. दुसऱ्याच्या पायावर पाय पडला तर माफी कशी मागायची ते शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. मुद्दाम कसा द्यायचा ते नाही. मी डोळे मिटून दिला. किंकाळी अशी काही उतरली की पुढे प्रत्येक भागाला मला बोलावणं येऊ लागलं. शेवटी हेच एकदा पाय चोळत म्हणाले, "रोज तुडवतेच आहेस, तर लग्नच करून टाकू."

नंतर टीव्हीवर त्याच जोडीच्या नव्या मालिका आल्या. एकीत दोघं दुपट्यातली बाळं होती. हल्लीच्या मालिकेत ते एकाच शाळेत जातात, डबा वाटून खातात आणि अखंड बडबडतात. आवाज परके, पण किंकाळी अजून यांचीच, स्टुडिओने जपून ठेवलेली. हे गेल्यापासून मी ती ऐकायला दुपारी टीव्ही लावते. हसू नका.

तर मागच्या आठवड्यात टीव्ही बंद करून मी झाडत झाडत यांच्या खुर्चीसमोर आले, फरशीवर पाय टेकला आणि किंकाळी आली. पडदा काळा. मी प्लग काढला, पुन्हा पाय टेकला. पुन्हा तीच. मी सवयीने 'सॉरी' म्हणाले. मग वीजवाल्याला बोलावलं. त्याने टीव्ही खोलला (आत धूळ, आणि एक मेलेली पाल), आणि पाना घ्यायला नेमका खुर्चीसमोर उभा राहिला. मी म्हटलं, "अहो सावकाश, त्यांचा पाय आहे."

"कुणाचा, काकू?"

"आमच्या ह्यांचा."

तो चहाही न घेता गेला. पिशवी इथेच आहे. त्याने किंकाळी ऐकली की तो मलाच घाबरला, कळायला मार्ग नाही.

आणि वन्सं, ही ती जपून ठेवलेली किंकाळी नाही. ती मला तोंडपाठ आहे. ही रोज थोडी वेगळी असते, रोज थोडी जवळून येते. काल तर मी पाय टेकायच्या आधीच आली.

लहानांना आशीर्वाद.

तुमची
वहिनी

ता. क. टेम्पो नको. रविवारी तुम्ही एकट्याच या आणि खुर्चीसमोर पाय ठेवून बघा. तुम्हालाही ऐकू आलं, तर मला इथेच राहू द्या. नाही आलं, तर मी मुकाट्याने तुमच्याबरोबर निघेन आणि चिरंजीव देतील त्या गोळ्याही घेईन.

ता. क. २. पाय मात्र हलकेच ठेवा. शेवटी शेवटी यांचा पाय फार सुजला होता. तुम्हाला काळजी नको म्हणून यांनी मला सांगू दिलं नव्हतं.