माझ्या शेतकऱ्यांना मारलेलं वॉर्निश

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एका गोष्टीचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. माझ्या शेतकऱ्यांना तुम्ही वॉर्निश मारलंत. न विचारता मारलंत. दुकानाची पाटी असती तर मी चकार शब्द काढला नसता. तुमच्या हातची पाटी जळगावच्या उन्हातही तोंड पाडत नाही, हे कापडवाल्या शेठजींपासून सगळ्यांना माहीत होतं. पण ही पाटी नव्हती, आबा. अंगठ्याएवढी शिशाची माणसं होती ती, आणि त्यांनी चकाकायचं नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो उन्हाळा. इंग्लंडात नोकरीला असलेला मामेभाऊ सुट्टीवर आला, तेव्हा एक डबा घेऊन आला होता. टेबलावर मांडून खेळायचा लढाईचा खेळ. जुन्या जमान्यातलं कुठलंसं मनातलं राज्य, त्यात राजा, चिलखतवाले घोडेस्वार, पंखांचा अजगर, आणि सगळ्यात मागे गावागावांतून गोळा केलेले शेतकरी. कुणाच्या हातात दाताळं, कुणाच्या हातात कोयता. राजा, घोडेस्वार आणि अजगर त्यानं स्वतः रंगवले होते. शेतकरी रंगवायचा त्याला कंटाळा. म्हणाला, "तू रंगव. तुझा हात चांगला आहे. तिकडे अशा सैन्यांची स्पर्धा असते, तिथे मांडतो." माझा हात चांगला आहे, हे तोवर कुणी म्हटलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच. मला ब्रश धरायलाही तुम्ही शिकवलं नाहीत. मी लांबून बघून बघून शिकलो.

उन्हाळाभर मी ओट्यावर बसलोय. सकाळीच काय ते काम, कारण दहानंतर रंग ब्रशावरच वाळतो. तुमच्याच डब्यांतले ऑइलपेंट, पण त्यांत खडूची भुकटी खलून त्यांची चमक मारलेली. ब्रशाचे केस उपटून उपटून चार-पाच ठेवलेले. दोन सदरे एका रंगाचे करायचे नाहीत, हा माझा नियम. घरून उठून आलेली माणसं गणवेशात कशी असतील? पायाला चिखल, तोही सरसकट नाही. आपल्या काळ्या मातीचा चिखल वाळला की राखाडी होतो आणि पोटरीवर त्याच्या कडा उठतात, तशा कडा मी काढल्या. आणि सदऱ्यांवर शेजारच्या असोद्याच्या केळी कापणाऱ्यांच्या अंगावर असतात तसे चिकाचे तपकिरी डाग. मामेभाऊ पुढे म्हणाला, तिकडे केळी कुठे होती? नसतील. कुठल्या ना कुठल्या झाडाचा चीक असेलच की. शेतात राबणाऱ्याचा सदरा बिनडागाचा असतो, हे मला पटवून दाखवा.

तुम्ही एकदाच येऊन वाकून बघितलंत. "हाई काय शे रे भो? बठ्ठा मयेल कपडा. लढाईले चालनात का गोठा झाडाले?"

मी म्हटलं, "आबा, शेतकरी आहेत ते. राजानं बोलावलं म्हणून औत सोडून आलेत."

"मंग राजाले लाज नही का? नवा सदरा तरी देवाना व्हता येस्ले!" असं म्हणून तुम्ही हसत दुकानात गेलात. मला ते लागलं होतं. एवढ्या मेहनतीनं काढलेला मळ तुम्हाला फक्त मळ दिसला.

मग मी धुळ्याला अक्काकडे दोन दिवस गेलो. परतलो तर फळीवर माझी माणसं ओळीनं उभी, आणि सगळी लखलखतायत! चिखल चकाकतोय, चीक चकाकतोय, दाताळ्याचा लाकडी दांडासुद्धा पितळेचा वाटतोय. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावीत तशी. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे. "आते पाह्य. तीन पावसाया काहीच व्हत नही." आबा, ती कुठल्या पावसात उभी राहणार होती? टेबलावरची माणसं ती! मी काय काय बोललो ते आठवतं, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. धूळ चमकत नसते. आयुष्यभर रंगात हात घातलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागतं का?

त्याच दुपारी मामेभाऊ न्यायला आला. फळीकडे बघून हसला. "अरे, हे सगळे घामाघूम कशानं झालेत? परीक्षक लांबूनच नमस्कार करतील रे." राजा, घोडेस्वार, अजगर गेले. माझे शेतकरी जळगावातच राहिले. आणि तुम्ही? तुम्ही त्यांना दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडलंत. पाटी लिहून घ्यायला येईल त्याला दाखवायचात: "रंग पोऱ्याना, वॉर्निश मनं." मी तिथेच उभा असायचो, दात खात. ज्यानं काम बिघडवलं, तोच त्यात वाटा सांगतोय!

आता ते माझ्याकडे आहेत. वॉर्निश पिवळं पडलंय, पण कुठे तडा नाही. परवा भिंग लावून एकेक नीट बघितला. आबा, कुठेच थेंब साचलेला नाही. डोळ्यांच्या खोबणीत नाही, बोटं आणि दांड्याच्या फटीत नाही. तेव्हा तुमचा हात थरथरायला लागला होता. चहा बशीत सांडायचात. तेव्हा रंगवायचा राहून गेलेल्या एका कोऱ्या शेतकऱ्यावर रविवारी मी तसंच वॉर्निश मारून बघितलं. नाकाखाली थेंब लोंबला. पुसून पुन्हा मारलं, तर डोळे बुजले. आणि हात माझा आहे, ज्याच्यात खोट काढणारा मला अजून भेटायचाय.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, मामेभावाला तर मुळीच नाही. वॉर्निश मारलंत ते चुकलंच. पण कुठल्या ब्रशनं मारलंत, आबा? खरं तर एवढंच विचारायचं होतं. आधी हे सगळं भांडण लिहिल्याशिवाय ते विचारणं माझ्यानं होत नव्हतं.