बाईंच्या वर्गातील वस्तूंची वाटणी

इंग्रजी संभाषण व लेखन वर्गाच्या संस्थापक, संचालक आणि एकमेव शिक्षिका बाईसाहेब यांस,

सप्रेम नमस्कार. तुझ्या नावापूर्वी 'कै.' लावावे अशी एका कारकुनाची सूचना होती. ती मी फेटाळली आहे. पत्रारंभी प्रकृतीची चौकशी करण्याचा प्रघात आहे, परंतु तुझ्या बाबतीत तो अप्रस्तुत ठरतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे असे डॉक्टर म्हणतात. (चार महिन्यांत मी त्यांना अकरा वेळा भेटलो. हल्ली ते माझ्याकडे न पाहताच ठणठणीत म्हणतात.)

पत्रास कारण की, घरमालकांना तुझ्या वर्गाची खोली आज रिकामी हवी होती. तेथे त्यांचे जावई व्यायामशाळा काढणार आहेत. (जावयांना मी पाहिले आहे. व्यायामशाळेची निकड मला मान्य आहे.) प्रश्न होता सामानाचा. नव्या विद्यार्थ्याला तू पहिल्याच दिवशी खोलीतली एक वस्तू निवडायला लावायचीस आणि ती आपली असल्याची इंग्रजी चिठ्ठी तिच्यावर चिकटवायला सांगायचीस. नावापुढे अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या खांद्यावर बसणारा तो स्वल्पविराम, हवाच. चिन्ह विसरले तर वस्तू कोणाचीच नाही आणि विद्यार्थी तासभर उभा. बावीस वर्षांत त्या खोलीत चिठ्ठीविना काही उरले नव्हते.

तेव्हा मी, शिस्तीचा माणूस म्हणून, दारावर सूचना लावली: ज्याच्या नावाची चिठ्ठी चिन्हासह शाबूत असेल, त्याने रविवारी येऊन आपली वस्तू न्यावी. (तू असतीस तर हसली असतीस, आणि पुढचे सारे टळले असते.)

काल रविवारी लोक आले. कंपाउंडर कपाट घेऊन गेले. शिवणकाम करणाऱ्या बाई दोन भाऊ आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या, कारण त्यांची वस्तू म्हणजे खिडकी. घरमालक धापा टाकत जिना चढून आले.

"अहो बाई, खिडकी माझी आहे."

"कशावरून? चिठ्ठी दाखवा."

घरमालकांकडे चिठ्ठी नव्हती. मी निःपक्षपातीपणे तपासणी केली. शिवणाऱ्या बाईंचे चिन्ह निर्दोष होते. खिडकीची दोन्ही दारे त्यांच्या शिवणखोलीत गेली, चौकट भिंतीत राहिली. (जावयांना मोकळ्या हवेची गरज आहेच.) घरमालक मला जे म्हणाले ते लिहिण्यासारखे नाही, आणि त्यांच्या वाक्यरचनेविषयी न बोललेले बरे.

सर्वांत शेवटी कोपऱ्यावरचे केशकर्तनकार आले. हे गृहस्थ तीन वर्षे तुझ्यासमोर बसले. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर ते चिन्ह तीनदा येते आणि तिन्ही वेळा चुकीच्या जागी येते. आता अशा माणसाने निवडावी काय, तर तुझी खुर्ची. मी चिठ्ठी तपासली. चिन्ह नव्हते. मी नियम वाचून दाखवला. ते बराच वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिले.

"विसरलो असेन, सर. बाईंनी उभं केल्याचं मात्र आठवत नाही."

असल्या स्मरणशक्तीवर तू आयुष्य खर्ची घातलेस. खुर्ची अर्थातच कोणाचीच ठरली नाही, म्हणून माझ्याकडे राहिली. बाकी सर्व रीतसर.

तुझा, आणि त्यासाठी चिठ्ठीची गरज न पडलेला,
नवरा

ता. क. चिन्ह होते. शनिवारी दुपारी मी ते नखाने खरवडले. कागदाला तेथे भोक पडले आहे. वस्तऱ्यावर पोट असलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटले असेल, असे मला वाटत नाही.

पुन्हा ता. क. खुर्ची माझ्याने जिन्यावरून उतरवेना. केशकर्तनकारांनीच ती डोक्यावर घेऊन आपल्या दोघांच्या घरी पोचवली. "बसून बघा सर, डुगडुगत तर नाही ना," एवढेच विचारले. आज सकाळी मी चिठ्ठीवरचे चिन्ह तुझ्या लाल शाईने पुन्हा भरले. तेव्हा विनंती अशी की, खुर्ची त्यांचीच आहे याची तू नोंद घ्यावीस, आणि "ती तूर्त माझ्याकडे राहू द्या" हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे ते सुचवावेस. इंग्रजीत मला जमेल. मराठीत जमत नाही.

तुझ्या नियमानुसार आज चार ते पाच मी रिकाम्या खोलीत उभा राहिलो. पाच वाजता दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालकांना परत केल्या.