घरासमोरची पाटी

शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७

घरासमोरच्या खांबावरची पाटी आज गायब. गावातल्या कॉलेजचे पहिले वर्ग याच घरात भरले, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. घरमालक डेव्हिड वर राहतो, आम्ही बेसमेंटमध्ये. त्याला विचारलं, तर म्हणाला, "वाऱ्याने पडली." खांबावरची चारही भोकं स्वच्छ आहेत. वारा काय स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता?

माझा नवरा अनिल म्हणतो, "आपण भाडेकरू. तुला काय करायचंय?" पण परवा दोन माणसं अंगण मोजून गेली, त्याचं काय? पाटीमुळे घर पाडायला परवानगी मिळत नाही, असं डेव्हिडच एकदा कुरकुरला होता. आणि ती स्वच्छ भोकं!

संध्याकाळी वर जाऊन सरळच विचारलं, "घर पाडणार आहेस?"

 तो हळूच म्हणाला, "एप्रिलपर्यंत राहा तुम्ही."