स्वयंपाकघराच्या दारामागची बंदूक

प्रिय आई,

केंटकीच्या या तुरुंगातून तुझ्या ड्युईचं खूप प्रेम. मी बरा आहे, खोकला गेला, जेवणही पोटभर मिळतं.

तू विचारलंस, "शिक्षेआधी चौकशीला आलेले ते प्रुइटसाहेब तुझ्याबद्दल चांगलं बोलले ना रे? सफरचंदाचा केक दोनदा मागून खाल्ला त्यांनी."

खाल्ल्या अन्नाला जागला नाही तो हरामखोर! इथं शिक्षा गुणांवर ठरते. नशेच्या गोळ्या किती विकल्या त्याचे गुण, आधीच्या गुन्ह्यांचे गुण, कबुली दिली म्हणून थोडे वजा. मग जज तक्त्यावर बोट फिरवतो आणि बोट थांबेल तेवढे महिने आत. शाळेत मला एवढे गुण कुणी दिले नव्हते!

तू प्रुइटला म्हणालीस, "माझा ड्युई स्वयंपाकघराच्या दारामागे बंदूक भरून ठेवतो. कुणाची टाप आहे इथं यायची!" ती कोंबड्यांवर येणाऱ्या कोल्ह्यांसाठी आहे, हे त्यानं जजला दिलेल्या अहवालात लिहिलं नाही. मी नशेच्या गोळ्या त्याच दारात विकायचो, हे मात्र बरोबर लिहिलं. धंद्याच्या जागी बंदूक, म्हणून दोन गुण चढले, म्हणजे जवळजवळ एक वर्ष! वकिलानं कोल्ह्यांचं सांगितलं, तर जज म्हणतो, "तक्त्यात कोल्हा नाही." असं डोकं फिरलं माझं!

तू रडू नकोस. राग त्यांच्यावर आहे, तुझ्यावर नाही. ओपलताईचं बाळ चालायला लागलं का? कोंबड्या उरल्यात ना?

पुन्हा कुणी सरकारी माणूस आला तर कॉफी दे, केक दे. माझं कौतुक तेवढं करू नकोस.

तुझाच,
ड्युई