यादीत नसलेली कोडोली

१० फेब्रु., सोमवार

स्क्रिप्ट चालली एकदाची. तीन आठवडे डोकं फोडत होते.

अव्वा विचारत होती, लेकी, तू दिवसभर त्या डब्यात करतेस तरी काय. तिला कळेल असं सांगितलं. लॅब शहरात, दवाखाने चौदा गावांत. रक्ताचा रिपोर्ट तयार झाला की आमच्या क्लाउडमधून त्या-त्या दवाखान्याला जातो. प्रत्येकाला वेगळा पाट, उघड्यावरून नाही. पाटाचं दार आम्ही उघडायचं. "म्हंजे पाटकरीण की तू," म्हणाली. बरोबर आहे.

आजवर हे दिलीपकाका हातानं करायचे. एकेक जोडणी उघडून मंजूर, मग वहीत टिक. आता यादी आहे. यादीत नाव असेल ती जोडणी मंजूर, नसेल ती काढून टाक. काकांना गेल्या आठवड्याच्या नोंदींवर चालवून दाखवलं; खऱ्या जोडण्यांवर उद्यापासून. चष्मा कपाळावर सरकवून बघत बसले. "मग आमी काय करायचं आता? माशा मारायच्या?" हसत म्हणाले, पण हसू नीट नव्हतं.

सर फोनवर लॅबवाल्यांना, "आता माणसाच्या हातची चूक होणारच नाही."

माझ्या लॉगिनला पूर्ण परवानगी अजून आलेली नाही. तोवर काकांच्या लॉगिननं चालवते. पासवर्ड त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिलाय.

अव्वाचा गुडघा सुजलाय. उद्या साडेअकराची वेळ घेतली.

११ फेब्रु., मंगळवार

झोप येत नाही म्हणून लिहितेय.

अकराला स्क्रिप्ट चालवली. आधी नुसतं 'काय होईल ते दाखव' असं चालवून बघायचं असतं. गेले तीन आठवडे तसंच बघत आले. आज अव्वा खाली रिक्षात बसलेली, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. थेट चालवली. शेवटी आलं: तेरा ठीक, एक काढली. जुनं काहीतरी असेल म्हणून लॅपटॉप मिटला. तेराच का, हे मनातसुद्धा आलं नाही. चौदा आहेत ना.

पावणेतीनला लॅबमधून फोन. कोडोलीला अकरापासून एकही रिपोर्ट पोचला नाही. दिलीपकाका धावत आले, बसले, वीस मिनिटांत जोडणी परत उभी केली. मी त्यांच्या मागं उभी होते. "कुणीतरी काढलीया," म्हणाले. मला तेव्हाच कळलं.

शनिवारी कोडोलीच्या दवाखान्यात नवीन मशीन बसलं. काकांनी नव्या नावानं जोडणी करून हातानंच मंजूर केली. यादीत जुनंच नाव. ते जाताजाता म्हणाले होते, "कोडोलीचं नवं केलंय बरं का." मी कानात हेडफोन घालून मान हलवली होती. हलवली होती. आठवतंय.

पाच वाजता सरांनी सगळ्यांना बोलावलं. कोडोलीत एक बाई सकाळी दाखल झालेल्या. पोटॅशियम फार वाढलेलं. रिपोर्ट साडेअकराला तयार होता. तिथल्या डॉक्टरांना तो दिसलाच नाही, ते वाट बघत राहिले. दोननंतर बाईंचं हृदय बंद पडलं. परत सुरू केलं, कोल्हापूरला आणलं. मशीनवर आहेत.

घरी अव्वा, "येनातु? काय झालं ग?" काही नाही म्हटलं.

१२ फेब्रु., बुधवार

नोंदी काढल्या. ११ वाजून ४ मिनिटांनी जोडणी काढली, काढणाऱ्याचं नाव दिलीप. लॉगिन त्यांचं, दुसरं काय येणार.

काका सरांच्या केबिनमधून बाहेर आले. तोंडावर रक्त नव्हतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. "मीच काढली म्हणं. माझ्या नावानं हाय."

मी विचारलं, "आठवतंय का काका?"

हे मी विचारलं. मी.

"न्हाय ग. पण शनिवारी मीच त्यात हात घातलेला. मंगळवारी सकाळी परत उघडून बघितलं हुतं की. त्यात काहीतरी दाबलं असंल."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही. लॅबवाले आत आले आणि...

जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडला. स्क्रिप्टनं काय-काय केलं त्याची फाइल तिथंच होती. ११.०४, कोडोली, काढली. पुसून टाकली. कचऱ्याची पेटीही रिकामी केली. मग बाथरूममध्ये जाऊन उलटी.

१३ फेब्रु., गुरुवार

फोन वाजला की छातीत लाथ बसल्यासारखं होतं. दुधवाल्याचा होता.

मंगळवारी पुण्याहून तपासणीला एक गृहस्थ येणार. सर म्हणाले, नुसती औपचारिकता. पण हुकूम कुठल्या मशीनवरून गेला ते क्लाउडच्या नोंदीत असतं. मी पुसलं ते फक्त माझ्याकडचं. तो मनुष्य दोन क्लिकमध्ये माझ्या लॅपटॉपपर्यंत येईल. मला माहीत आहे, कारण मी असते तर आधी तेच बघितलं असतं.

पोळ्या लाटताना एक वाक्य डोक्यात आलं: काकांनी त्या दिवशी माझा लॅपटॉप वापरला होता. आपोआप आलं, तयार होऊन. कोण काय विचारेल, मी काय सांगेन, सगळं पाठोपाठ. लाटणं ठेवून दिलं. पुण्याच्या माणसापेक्षा मला माझीच भीती वाटली.

स्क्रिप्ट बंद ठेवलीय. एंटरवर बोट जात नाही. सरांनी विचारलं, सकाळची चालवली का? हो म्हटलं. तेरा दवाखान्यांचं एकेक करून डोळ्यांनी तपासलं आणि कोडोलीचं चारदा.

१४ फेब्रु., शुक्रवार

दुपारी त्या बाईंना ठेवलंय त्या दवाखान्यात गेले. का गेले ते माहीत नाही. आयसीयूबाहेर बाकं. शेजारी एक बाई, तिशीची असेल, मांडीवर पिशवी.

"कोण हाय तुमचं आत?"

"मावशी," म्हटलं. इतक्या लवकर खोटं येतं मला आता.

"आमच्या सासूबाई. इंदुबाई. कोडोलीसनं आणलंय." मग सांगत बसली. मी न विचारता. "डाक्टर म्हणत्यात उशीर झाला. कशाचा उशीर, ते कोण सांगंना. आमी तर आठालाच दवाखान्यात गेलतो की. आत्या चालत गेल्या, माझ्यासंगं. गाडीवर बसा म्हटलं तर न्हाय म्हटल्या."

मी जमिनीकडं बघत होते.

"घरात म्हस हाय एक. त्यांच्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाय. चार दीस झालं, मालक पाय बांधून पिळत्यात."

उठले तर तिनं हाताला धरलं. पिशवीतून भाकरी काढली, निम्मी माझ्या हातावर. वर मिरचीचा खर्डा. "खावा की ताई. तुमीबी उपाशीच दिसताय. आपणच पडलो तर त्यास्नी कोण बघणार?"

खाल्ली. तिच्यासमोर बसून सगळी खाल्ली. मंगळवारनंतर पोटात टिकलेलं पहिलं अन्न ते.

१५ फेब्रु., शनिवार

काकांनी लिहून दिलं. 'माझ्या हातून अनवधानाने.' खाली सही. सरांनी मला वाचायला दिलं, शुद्धलेखन बघ म्हणाले. 'अनवधानाने' बरोबर लिहिलं होतं.

चहाला काका टपरीवर एकटेच. मीही गेले. ग्लास दोन्ही हातांत धरून बसलेले.

"शैला, मला दुसरीच भ्या हाय. चूक हुतीया माणसाची. पण मला आठवतच न्हाय, ह्येची भ्या. आमच्या वडलांचं असंच सुरू झालेलं. आधी किल्ल्या, मग नावं. शेवटाला मला पावणं म्हणायचे." चहाचा घोट घेऊन, "बायकोला सांगितलंय, रोज सकाळी धा आकडे वाच. मी परत म्हणून दाखवतो. आज सहाच आले."

चहा माझ्या हातावर सांडला. भाजलं ते नंतर कळलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, सतीशला. फौंड्रीतून आलेला, तोंड धुवत होता. टॉवेल हातातच राहिला. सगळं ऐकलं. मग, "सही त्यांनी केलीय ना?" म्हणाला. लगेच मान खाली घातली. "तसं न्हवतं म्हणायचं मला." पण तसंच होतं. मीही तेच म्हणत होते चार दिवस, फक्त मनात.

"पोलीस केस होईल?" त्यानं विचारलं. मला माहीत नाही. त्या बाई गेल्या तर होईल बहुतेक.

१६ फेब्रु., रविवार

काका सुट्टीला गावी जातात, बिद्रीच्या पलीकडं. त्यांच्याकडं एसटीनं गेले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या पुढं, गाडी मुंगीच्या पावलानं. प्रत्येक थांब्यावर वाटलं उतरावं, परत जावं. मुदाळ तिठ्यावर खरंच उठून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "हितं उतरायचं न्हवतं की तुमास्नी." परत बसले.

काका अंगणात कोयता घासत होते. काकू ताक घेऊन आल्या. त्या उभ्या असतानाच सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

"काका, कोडोलीची जोडणी मी काढली. स्क्रिप्टनं. तुमच्या लॉगिनवरून. तुम्ही काही दाबलं नव्हतं."

कोयता खाली ठेवला.

"मी न्हवतो?"

"नाही."

"नक्की न्हवतो?"

"मी बघितलंय. अकरा वाजून चार मिनिटं. माझा लॅपटॉप. फाइल मी पुसली."

त्यांचा चेहरा... काय लिहू. पोरासारखे हसले. पंच्याच्या टोकानं डोळे पुसले आणि काकूंना म्हणाले, "अगं, मी न्हवतो. डोस्कं ठिकाणावर हाय माजं." काकू भिंतीला टेकून खालीच बसल्या. मलाही क्षणभर वाटलं, झालं, सुटले.

मग ते हसायचे थांबले.

"पाच दीस, शैला."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काका, मी उद्या सरांना लिहून देते."

"ताक पी. साडेबाराची गाडी हाय."

फाटकापर्यंतही आले नाहीत. काकू आल्या. फाटक लावून घेतलं.

१७ फेब्रु., सोमवार

साडेनऊलाच गेले. कागद काल लिहून ठेवला होता, दीड पान. लॉगिन काकांचं पण हात माझा, चाचणी न घेता चालवली, फाइल पुसली, सगळं. सर केबिनमध्ये एकटे होते.

वाचलं. दोनदा वाचलं. उठून दार लावलं.

"हे कुणाकुणाला माहितीय?"

"काकांना. माझ्या मिस्टरांना."

कागद घडी करून माझ्याकडं सरकवला. "शैला, हे मी वाचलेलं नाही."

मला कळेना.

"दिलीपच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. त्याला मी सांभाळून घेतो, त्याचं काही वाईट होऊ देणार नाही. तू गेलीस तर हे चालवणार कोण? लॅबवाले अजून नऊ दवाखाने देतायत. चूक तुझी एकटीची आहे का? त्यानंही यादीत नाव घातलं नव्हतं. पुण्याच्या माणसाला मी बघतो. तू फक्त विचारेल तेवढंच बोल."

"सर, त्या बाई..."

"त्या बाईंसाठी आपण सगळे प्रार्थना करतोय."

बाहेर आले तेव्हा पाय हलके होते. हे लिहायलाच हवं. भीती नव्हती, सहा दिवसांत पहिल्यांदा. जिन्यापर्यंत गेले असेन. तिथं काका भेटले, वर येत होते, रुमालानं घाम पुसत. माझ्याकडं बघितलं. बाजूला होऊन वाट दिली.

आणि भीती परत आली. आता वेगळीच. पकडले जाईन याची नाही.

ऑफिस सुटल्यावर दवाखान्यात गेले. बाकावर सून नव्हती. पिशवीही नव्हती. आत विचारायचं होतं. नर्सनं दोनदा विचारलं, कोण पाहिजे. इंदुबाईंचं नाव ओठांवर आलं आणि गिळलं. नर्स आत निघून गेली, मी जिना उतरले.

दवाखान्याच्या बाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक कोडोलीच्या डॉक्टरांसाठी, एक पुण्याच्या गृहस्थांसाठी. तिसरी कुणासाठी ते अजून ठरत नाही. सतीश म्हणतो, तू ठरव, मी आहे. आवाज कापत होता त्याचा.

पुण्याचे गृहस्थ उद्या अकराला येणार. सरांचा आत्ताच मेसेज आला: पाहुण्यांच्या चहा-नाष्ट्याचं तू बघ.

प्रती पर्समध्ये आहेत. बघते म्हणून कळवलं.